तांबड्या डोंगराची दुसरी बाजू

१६ फेब्रुवारी २०१६

ऑफिसात दिवसभर इंग्रजी, पडद्यावर स्पॅनिश. घरी मी लेकीशी, इराशी, मराठीत बोलते आणि ती उत्तर इंग्रजीत देते. अख्खं वाक्य मराठीत कुठंतरी लिहावं म्हणून ही वही. माझे वडील, म्हणजे भाऊ, तलाठी होते तेव्हा त्यांना रोजची दैनंदिनी ठेवावीच लागे, आणि ती तहसीलला दाखवावी लागे. माझी कुणाला दाखवायची नाही, हे बरंय.

आज नवं काम हातात आलं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वतात, चार हजार मीटरच्या वर एक प्रांत आहे. तिथल्या गावांची धड यादी कुणाकडेच नाही. जनगणनेची एक, शाळाखात्याची दुसरी, दवाखान्यांची तिसरी, आणि जुन्या लष्करी नकाशावरची चौथी. चारी मिळून अठराशे नावं, त्यात एकेक गाव तीन-तीन स्पेलिंगांनी. आमच्या कंपनीनं ती साफ करून द्यायची. दुबार नावं काढायची, दर गावाला एक कोड, नकाशावर एक ठिपका. मॅनेजर मिस्टर टिओ म्हणाले, "सुलेखा, नावांत तुझी नजर चांगली आहे. तीन महिने. कॅन?"

मी म्हटलं, "कॅन." इथं 'जमेल' असंच म्हणतात.

सेरांगून स्टेशनात मेट्रो बदलताना नवऱ्याला, प्रबोधला, मेसेज केला. त्याचं संशोधनाचं कॉन्ट्रॅक्ट संपून आठ महिने झाले. तो आणि इरा आता माझ्या नोकरीच्या पासवर, म्हणजे परवान्यावर, या देशात राहताहेत. त्यामुळे नवं काम आलं की आधी पास आठवतो, मग काम.

१ मार्च

पंधरा दिवसांत नुसत्या पायऱ्या शिकले. देशाखाली देपार्तामेंतो, त्याखाली प्रोविन्सिया, त्याखाली दिस्त्रितो. दिस्त्रितो म्हणजे डिस्ट्रिक्ट, म्हणून मी जिल्हा समजून बसले होते. तो निघाला आपल्या तालुक्याहूनही लहान. एका दिस्त्रितोत तर सगळी मिळून आठशे माणसं! त्याखाली गावं, गावांखाली वाड्या. वाड्यांपाशी याद्या धूसर होतात.

तिथं आमच्यासाठी गावोगाव फिरणारी बाई म्हणजे विल्मा. आडनाव मामानी. आमची गाठ सकाळी सातला फोनवर पडते. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा असतात. तिचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा बरं. तिनं सांगितलं की प्रांताच्या उत्तरेला केचुआ बोलतात, दक्षिणेला आयमारा, आणि कचेरीत स्पॅनिश.

"नीट बघ हं," ती म्हणाली. "'उमा' म्हणजे आयमारात पाणी. केचुआत उमा म्हणजे डोकं. एकाच ओढ्याचं नाव दोघं आपापल्या कानानं ऐकतात."

मला हे फार आवडलं. संध्याकाळी इराला सांगितलं. ती म्हणाली, "देन दे ऑल्वेज फाइट, लाह." शेवटी इथलं 'लाह' असतंच.

२४ मार्च

रेकॉर्डिंगं आली. विल्माच्या माणसांनी प्रत्येक गावात कुणा म्हाताऱ्या माणसाला गावाचं नाव मोठ्यानं म्हणायला लावलंय, उच्चार कळावा म्हणून. साधारण दोन सेकंदांच्या फायली. वारा, कुत्रं, आणि मधे एक नाव. ऐकताना छान वाटतं.

एका आजीची फाईल मात्र बावन्न सेकंदांची. विलाकोल्यु गावची. पहिल्या दोन सेकंदांत नाव सांगते आणि मग बोलतच राहते. मला एक अक्षर कळलं नाही. आवाज चढा नाही, पण थांबायला तयार नाही. आशीर्वाद देत असावी. आपल्याकडच्या बायका नाही का, नाव विचारलं तर घराणं सांगतात. फाईल पाच सेकंदांच्या आत हवी असा नियम आहे. दोन सेकंद ठेवून बाकी कापलं.

११ एप्रिल

आज मिस्टर टिओंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

झालं असं. काही गावं दोनदा येतात ती स्पेलिंगमुळे नाही, भाषांतरामुळे, हे माझ्या लक्षात आलं. एका यादीत केचुआ नाव, दुसरीत त्याच अर्थाचं आयमारा नाव. कॉम्प्युटरला ते कधीच कळलं नसतं. मी दोन्ही भाषांतल्या डोंगर, पाणी, लाल, मोठं अशा शब्दांचा तक्ता केला आणि जोड्या शोधल्या. सदतीस निघाल्या!

सगळ्यात सुंदर जोडी म्हणजे पुकाओर्को आणि विलाकोल्यु. केचुआत पुका म्हणजे तांबडा, ओर्को म्हणजे डोंगर. आयमारात विला म्हणजे तांबडा, कोल्यु म्हणजे डोंगर. दोन्ही तांबडा डोंगर! जुन्या यादीत दोघांचे अक्षांश-रेखांशही सारखेच. शाळा एकच, तीही पुकाओर्कोच्या नावावर. म्हणजे गाव एक, नावं दोन.

प्रत्येक जोडीपुढे तीन पर्याय असतात: 'वेगळी', 'एकच', 'जागेवर तपासा'. तपासा म्हटलं की विल्माला दोन दिवस मोटरसायकल आणि एक दिवस चालत जावं लागतं, पंधरवडा जातो. तीही या आठवड्यात रेंजबाहेर आहे. बहुतेक सगळ्या जोड्या उघड होत्या. एकदोन ठिकाणी हात किंचित थांबला, नाही असं नाही. पण सदतीस म्हणून सांगितलं होतं, पस्तीस कसं सांगणार.

पुकाओर्को ठेवलं. आजीचा आवाज त्याच्याखाली 'दुसरा उच्चार' म्हणून जोडून दिला. वाया जायला नको.

१७ एप्रिल, रविवार

चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम आज झाला. इरानं चार ओळींचं भाषण मराठीत केलं, न अडखळता. भाऊंना व्हिडिओ पाठवला तर लगेच फोन.

"पोरगी चांगली बोलली. तुझं काय चाललंय?"

मी जोडीची गोष्ट सांगितली.

"तू पाह्यलं का ते गाव?"

"भाऊ, अठरा हजार किलोमीटर आहे ते."

"नाही, आपलं विचारलं," म्हणाले, आणि जालन्याच्या उन्हाबद्दल बोलायला लागले.

२० मे

यादी दिली. एक हजार एकशे चार गावं, एकही नाव दोनदा नाही. त्यांच्या प्रांतकचेरीचं आभाराचं पत्र आलं. थंडीच्या दिवसांत मदत वाटायला हीच यादी वापरणार म्हणे. त्यांची थंडी जून-जुलैत असते, आपल्या उलट. उद्या वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची, सुट्टी. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकली भाड्यानं घेऊ असं इराला कबूल केलंय.

१९ जुलै

दोन महिने वही उघडली नाही. आज सकाळी विल्माची मेल. जशी कळली तशी लिहून ठेवते.

गेल्या आठवड्यात तिथं वर फार मोठी थंडी पडली. प्रांताचा ट्रक यादीप्रमाणे निघाला: ब्लँकेटं, औषधं, लहान मुलांची जॅकेटं. बारा तारखेला तो पुकाओर्कोला पोचला. खिंडीच्या पलीकडून विलाकोल्युची माणसंही चालत आली होती. कुणीतरी सांगितलं होतं की जॅकेट मापानं मिळतं, मूल समोर पाहिजे. म्हणून एका बाईनं आपली दोन्ही मुलं बरोबर आणली होती. यादीवाला म्हणाला, विलाकोल्यु नावाचं गाव यादीत नाही. ते पुकाओर्कोच आहे, आणि पुकाओर्कोचं वाटप झालंय.

ती सगळी दुपारीच परत निघाली. खिंड चार हजार नऊशे मीटरवर. वाटेत बर्फ सुरू झालं. बाकीचे पोचले. ती बाई आणि दोन मुलं तीन दिवसांनी सापडली. बाई सव्वीस वर्षांची, मुलगी सात, मुलगा चार.

शेवटी विल्मानं विचारलंय, "सुलेखा, हे नाव यादीतून कसं गेलं? तुला सापडेल का?"

२० जुलै

शोधलं नाही. दिवसभर दुसरं काम केलं.

२१ जुलै

शोधलं. शोधण्यासारखं काय होतं? ११ एप्रिल, दुपारी तीन वाजून सात मिनिटं, 'एकच', पुढे माझा आयडी.

उपग्रहाचं चित्र आत्ता उघडून बघितलं, जे तेव्हा दोन मिनिटांत बघता आलं असतं. तांबडा डोंगर एकच आहे. उत्तरेच्या उतारावर पुकाओर्को, दक्षिणेच्या उतारावर विलाकोल्यु. सरळ रेषेत साडेतीन किलोमीटर. त्या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून चालतो, म्हणजे दक्षिणेच्या उतारावर हिवाळाभर सावली. चित्रातसुद्धा ती बाजू पांढरी दिसते. छपरं मोजली. तेवीस.

विल्माला अजून उत्तर दिलेलं नाही.

२५ जुलै

ऑफिसातला एसी फार वाढवलाय. कुणालाच जाणवत नाही. मी दोनदा सांगून आले.

२७ जुलै

आज गाडीत एक विचित्र गोष्ट झाली. स्टेशनची घोषणा नेहमीसारखी झाली, इंग्रजी, चिनी, मलय, मग तमिळ. तमिळ संपल्यावर तीच बाई आणखी एका भाषेत बोलायला लागली. मी दचकून वर पाहिलं. आजूबाजूचे सगळे फोनमध्ये. मला वाटलं, नवी भाषा सुरू केली असेल. उतरताना कान देऊन पुन्हा ऐकलं तर चारच.

घरातही गार वाटतंय. पंखे बंद ठेवले. प्रबोध म्हणतो एकतीस डिग्री आहे.

२९ जुलै

इरा सकाळी घामानं भिजून उठली. ताप असेल म्हणून थर्मामीटर लावला, नव्हता. मुलांना असं होतं कधीकधी. तिच्या अंगावरच्या दोन चादरी आणि भाऊंनी दिलेली वाकळ प्रबोधनं काढून कपाटात वरच्या खणात ठेवली, माझा हात पोचणार नाही तिथं. वाकळीला हवा लागावी म्हणून असेल.

मूळ रेकॉर्डिंग बॅकअपमधून काढलं, बावन्न सेकंदांचं. विल्माला पाठवलं आणि विचारलं, ही काय म्हणते? बाकी काही लिहिलं नाही.

२ ऑगस्ट

विल्माचं उत्तर. तिनं वाक्याला वाक्य लावून दिलंय.

"विलाकोल्यु. नीट लिही. मागं लिहायला आले होते त्यांनी आम्हाला पलीकडच्यांत लिहिलं. डोंगर एक आहे, पण ऊन त्यांच्याकडे आहे आणि बर्फ आमच्याकडे. मीठ आलं तर त्यांना देतात आणि आम्हाला म्हणतात, तुम्ही खाल्लं. आमच्या चुली तेवीस आहेत. हवं तर घरी चल, मोज. कागदावर बसून मोजू नको."

खाली विल्मानं लिहिलंय: ही फोर्तुनाता आजी. खिंडीत गेली ती हिची सून. नातवंडंही हिचीच. मुलगा लांब खाणीत असतो, वर्षातून एकदा येतो.

ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. नळाचं पाणी गार होतं. इथं नळाला गार पाणी कधी येतं?

४ ऑगस्ट

प्रबोधला सांगितलं. इरा शाळेत होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू मुद्दाम केलं नाहीस."

"मी तपासलं नाही, ते मुद्दामच."

"आता काय करणार आहेस?"

"टिओंना सांगणार. तिथल्या प्रांतकचेरीला लिहिणार, की चूक माझी आहे आणि गाव वेगळं आहे."

तो उठून किचनमध्ये गेला, परत आला. "गाव वेगळं आहे एवढंच लिही ना. चूक कुणाची हे कशाला? सुलेखा, इराची शाळा आहे. माझी सप्टेंबरात मुलाखत आहे. तुझा पास गेला तर तीस दिवसांत आपण तिघं बाहेर."

"ठाऊक आहे."

"ती मुलं परत येणार नाहीत."

मी म्हटलं, "पण पुढची थंडी येणार आहे."

त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "केवढे गरम आहेत तुझे हात." त्याला माझी थंडी कळतच नाही.

५ ऑगस्ट

शाळेतून फोन. इरा मैदानावर चक्कर येऊन पडली. दप्तरात स्वेटर होता आणि अंगात दुसरा. सकाळी मीच घातला होता, युनिफॉर्मच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. तिनं काढला नाही. टीचरनं तिला विचारलं का नाही काढलास, तर म्हणाली, "माय मदर विल क्राय."

प्रबोध तिला घेऊन आला. मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. इरा सोफ्यावर पडून इलेक्ट्रोलाइट पीत होती. मी जवळ गेले तर तिनं मराठीत सांगितलं, अगदी सावकाश, मी लहान असल्यासारखं: "आई, इथे थंडी नाहीये."

८ ऑगस्ट

भाऊंना फोन केला. सगळं सांगितलं.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. सत्त्याऐंशी साली गारपीट झाली होती. पंचनामे करायचे होते. ओढ्याला पाणी म्हणून ते पलीकडच्या वस्तीवर गेलेच नाहीत. चावडीत बसून, सरपंचानं सांगितलं तसं लिहिलं. वस्तीचं नुकसान 'निरंक'.

"आपलीच माणसं होती ती," भाऊ म्हणाले. "आपल्याच समाजाची. त्यांना वाटलं, आपला तलाठी आहे, येईल. एक म्हातारा दर सोमवारी कचेरीत येऊन बसायचा. बोलायचा नाही काही. नुसता माझ्या पेनाकडे पाहायचा."

"मग?"

"दोन वर्षांनी मी साहेबाला लिहून दिलं की पंचनामा जागेवर न जाता केला. मेमो आला. वेतनवाढ थांबली. तोवर म्हातारा वारला होता."

"नोकरी गेली असती तर दिलं असतं का लिहून?"

"खोटं कशाला बोलू? नाही सांगता येत. पण दोन वर्षं फार झाली, एवढं सांगतो. तू दोन वर्षं लावू नको."

१० ऑगस्ट

मिस्टर टिओंना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. दार बंद केलं, मला पाणी दिलं. म्हणाले, करारात दोन टक्के चूक मान्य आहे. अकराशेत बावीस. आपली एक.

"त्या एकात तेवीस घरं आहेत," मी म्हटलं.

"मला कळतं. पण कागदावर आपण चुकलोच नाही. तू लिहून दिलंस की चुकलो. मग ते फक्त तुझं राहत नाही, कंपनीचं होतं." थोडं थांबून म्हणाले, "तुझा पास ऑक्टोबरअखेर संपतो ना?"

मला वाटलं, माझ्या काळजीनं विचारताहेत.

१७ ऑगस्ट

प्रांतकचेरीला पत्र पाठवलं. एक पान. गाव वेगळं आहे, कुठं आहे, घरं किती, आणि दोन्ही गावं एक कोणी केली, कधी. सही केली. पाठवण्याआधी प्रबोधला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, स्पॅनिश शब्दांतली एक चूक दाखवली आणि लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला.

विल्मालाही लिहिलं. तिचं उत्तर नाही.

२२ ऑगस्ट

मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. यादी दुरुस्त करायची स्क्रीनवरची खिडकी तेवढी काम संपेपर्यंत माझ्याकडे राहील. पास पुढे वाढवणार नाहीत हेही आज सांगितलं, फार सभ्यपणे. इराला अजून सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

विल्माचा फोन आला, सकाळी सातला. महिन्यानंतर तिचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "रविवारचा बाजार आहे. फोर्तुनाता आजी लोकर विकायला खाली आलीय. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. ती बोलते म्हणाली. बोलशील?"

मी बसूनच राहिले. प्रबोध इराचा डबा भरत होता. तो गॅस बंद करून शेजारी येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "सांग तिला, मीच ते नाव कापलं. मी तपासलं नाही."

विल्मानं सांगितलं. पलीकडे बाजाराचा गलबला, मेंढ्या, मग तोच आवाज. ऐकताक्षणी ओळखला. विल्मा मधे मधे इंग्रजीत सांगत होती.

"ती विचारते, तू राहतेस ते किती लांब आहे?"

मी आकडा सांगितला. विल्मानं त्याचं काय केलं कोण जाणे, दिवसांत सांगितलं असेल. आजी हसली. खरंच हसली.

"ती म्हणते, इतक्या लांबून डोंगर एकच दिसणार."

विल्मा म्हणाली, "ती विचारते, आता वेगळं लिहिलंस का?"

"लिहून दिलंय. कचेरीनं मान्य केलं की होईल."

"ती म्हणते, बरं."

आणि ती गेली. लोकरीला गिऱ्हाईक आलं होतं. मी क्षमा मागायची वाक्यं आयमारात तोंडपाठ करून ठेवली होती, तीन वाक्यं. ती तशीच तोंडात राहिली.

इरा दारात उभी होती. "आई, हू वॉज दॅट?"

प्रबोध म्हणाला, "आईच्या ओळखीच्या आजी आहेत."

३० सप्टेंबर

कचेरीचं उत्तर आलं. मी चार वेळा वाचलं.

विलाकोल्युतली माणसं निघून गेली आहेत. जनावरं मेली, खिंडीतून कुणी जाईना. चौदा घरं खाली शहरात गेली, काही पलीकडे पुकाओर्कोत सोयऱ्यांकडे. म्हणून कचेरी म्हणते: सदर वस्ती आता ओसाड असल्यानं वेगळ्या नोंदीची गरज नाही. मूळ यादी सध्याच्या स्थितीनुसार बरोबर आहे.

बरोबर आहे. मी एप्रिलात जे खोटं लिहिलं ते सप्टेंबरात खरं झालं.

मिस्टर टिओंनी ते पत्र वाचून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सी? संपलं आता." त्यांना वाटलं, मला हलकं वाटेल.

३ ऑक्टोबर

विल्माला विचारलं, सगळी गेली का? फोर्तुनाता आजी?

ती म्हणाली, बाजारात तीन रविवार दिसली नाही. कुणाला ठाऊक नाही.

मी नियम पुन्हा वाचले. एकाही घरात कुणी कायम राहत असेल तर ती वस्ती ओसाड धरता येत नाही. पण कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे. मी विल्माला म्हटलं, मला तुला सांगायचा काही हक्क उरलेला नाही, या महिन्यानंतर मी इथं नसेन. ती म्हणाली, "मोटरसायकलचं चाक दुरुस्तीला टाकलंय. गुरुवारी मिळेल."

९ ऑक्टोबर

प्रबोधच्या मुलाखतीचं काही जमलं नाही. इराला सांगितलं की पुढच्या महिन्यात आपण परत जातोय, औरंगाबादला. ती खोलीत जाऊन बसली. मग बाहेर येऊन विचारलं, तिथे तिच्या शाळेत सगळे मराठी बोलतील का. मी हो म्हटलं. "देन आय मस्ट प्रॅक्टिस," म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, "मला सराव करायला पाहिजे."

पंखा लावला होता. मी बंद केला नाही. गार वाटलं, तरी बसून राहिले.

१४ ऑक्टोबर

विल्मा जाऊन आली.

बावीस घरांची दारं दगड लावून बंद. तेविसाव्यातून धूर येत होता. फोर्तुनाता आजी आहे. तिला खाली चल म्हटलं तर म्हणाली, चूल विझवून कसं येऊ.

विल्मानं नोंदीचा फॉर्म काढला. गाव, भाषा, घरं. मग विचारलं, घरात माणसं किती?

आजी म्हणाली, चार.

विल्माला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं पुन्हा विचारलं. चार. आजीनं बोटांवर मोजून दाखवलं: मी, सून, मोठी, धाकटा. दाराशी लहान मुलांच्या दोन चपला होत्या, धुऊन उन्हात ठेवलेल्या, जेवढं ऊन तिथं येतं तेवढ्यात. विल्मा म्हणते, तिचं डोकं ठिकाणावर आहे. बटाट्याचा भाव तिला ठाऊक होता, सून कुठल्या दगडापाशी सापडली तेही तिनंच दाखवलं. तरी माणसं चार.

"मी रकाना रिकामा ठेवलाय," विल्मा म्हणाली. "मला नाही लिहवलं. तू काय लिहिणार?"

आज सकाळी इरा शाळेत गेल्यावर दुरुस्तीची खिडकी उघडली. विलाकोल्यु हे नाव टाकलं. नवा कोड आला. ठिपका दक्षिणेच्या उतारावर ठेवला. घरं: एक. भाषा: आयमारा.

माणसं या रकान्यापाशी थांबले. एक लिहिणं खरं होतं. मला ठाऊक होतं, विल्माला ठाऊक होतं, आजीलाही ठाऊक होतं. एप्रिलातही मला असंच सगळं ठाऊक होतं. प्रबोध चहा ठेवून गेला, तो निवला.

नियमांत लिहिलंय की घरातल्या माणसांचा आकडा घरातलं कर्तं माणूस सांगेल तो धरावा.

चार लिहिलं.

खाली एक रकाना असतो, 'माहिती कोणी दिली'. अकराशे गावं भरली, तो मी एकदाही भरला नव्हता, सक्तीचा नाही म्हणून. त्यात फोर्तुनाताचं नाव टाकलं, स्पेलिंग विल्माला विचारून, आणि सेव्ह केलं.